अर्धी साक्ष

चूक माझी होती, पण पास्टरचीही होती, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली. रक्ताच्या चादरी वेगळ्या, उलटीच्या वेगळ्या, छातीच्या वॉर्डातल्या सगळ्यात शेवटी, उकळत्या पाण्यात. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत मलाच टीबी झाला. सहा महिने गोळ्या गिळल्या. लघवी लाल, तोंड कडू, सुनेने माझं ताट वेगळं काढलेलं. रोज गोळी हातावर घेऊन म्हणायचे, प्रभू, ही तूच दिलीस, आता पोटात टिकू दे. शेवटी डॉक्टर म्हणाले, बऱ्या झालात.

त्या रविवारी चर्चमध्ये पास्टरने मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं. "तीनच मिनिटं, मावशी." मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगायची सवय. खोकला, रक्त, सुनेचं ताट असं करत करत "प्रभूने मला बरं केलं" इथवर आले. आता गोळ्यांचं सांगणार, तोच पास्टर "हालेलूया" म्हणाले, गाणं सुरू झालं, मंडळी उभी राहिली. त्या गाण्यात मी गोळ्यांचं कुठे घुसडणार? बसले खाली. खरं सांगते, बायकांनी येऊन हात हातात घेतले तेव्हा बरंही वाटलं.

दोन आठवड्यांनी माझ्याच बाकावर बसणारी टेलरबाई कानाशी म्हणाली, "मावशी, मी गोळ्या बंद केल्या. तुमच्यासारखं विश्वासावर सोडलं." तिलाही तेच दुखणं, गोळ्यांचा तिसरा महिना चाललेला. घरी दोन वर्षांची नात, दिवसभर हिच्याच मांडीवर.

मी कपाळाला हात लावला. "अगं, मी सहा महिने गोळ्या खाल्ल्या."

"साक्षीत तर नाही बोललात."

"राहिलं बोलायचं."

"राहू द्या, मावशी. माझा विश्वास तुमच्यापेक्षा कमी आहे असं वाटतंय ना तुम्हाला?"

आता हिला काय सांगू? तीनदा तिच्या घरी गेले. तिसऱ्यांदा तिने मशीन थांबवलंसुद्धा नाही. नात पायाशी चिंध्या गोळा करत होती आणि ही तिच्या डोक्यावर खोकत होती. माझा जीव टांगणीला लागला.

पास्टरकडे गेले. म्हटलं, मला पुन्हा चार वाक्यं बोलू द्या. तर म्हणाले, "मावशी, साक्ष मागे घेतली तर नव्या लोकांचा विश्वास डळमळतो. मी तिच्याशी एकांतात बोलेन." पंधरा दिवस झाले तरी त्यांना एकांत सापडला नाही. मग माझं डोकं फिरलं.

पुढच्या रविवारी सूचना चालू असताना मी आपली आपण उभी राहिले. "मावशी, बसा," पास्टर हळूच म्हणाले. मी बसले नाही.

"माझी साक्ष अर्धी होती," म्हटलं. "प्रभूने मला बरं केलं ते गोळ्या देऊन. सहा महिने, एक दिवस न चुकवता. माझं ऐकून कुणी औषध सोडलं असेल तर ते पाप माझ्या डोक्यावर आहे, आणि या वयात मला ते झेपणार नाही."

मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण टेलरबाई उठली, नातीला काखेत मारलं आणि सगळ्यांसमोर निघून गेली. उपासनेनंतर माझ्याशी कुणी बोललं नाही. पास्टरच्या बायकोने तर चक्क तोंड फिरवलं.

मंगळवारी सकाळी टेलरबाई माझ्या दारात उभी. डोळे सुजलेले. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरूनच बोलली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं होतं की देवाने माझं ऐकलं. तेही तुम्ही ठेवलं नाहीत."

तिने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"काल दवाखान्यात ओरडा खाल्ला. पहिल्यापासून सुरू करायला लावलंय," ती म्हणाली. "घरी घशाखाली उतरत नाही. पाणी द्या."

मी पाणी दिलं. गोळ्या गिळताना ती माझ्याकडे अशी बघत होती, की कळावं, अजून माफ केलेलं नाही. मग पेला माझ्या हातात परत देऊन म्हणाली, "उद्या येते."