साधा आ

प्राचीने फोन सासूबाईंच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरला आणि दुसऱ्या हाताने अनीशला कमरेवर वर सरकवलं.

"आई, आता. साधा आ म्हणायचा. दम संपेपर्यंत."

वेणूबाईंनी पदर सावरला, मान किंचित तिरकी केली, डोळे मिटले. मग त्यांच्या गळ्यातून जो आ निघाला तो काही साधा नव्हता. तळातून उचललेला, मध्ये हेलकावा घेतलेला, मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या वरमाईपर्यंत पोचवायचा असावा तसा. अनीशची किरकिर थांबली. तो आजीकडे बघत राहिला. फोनवरचं वर्तुळ गरगर फिरलं आणि हिरवं झालं.

"काय बोलतो?"

"हिरवं, आई."

"मंग झाला तं," म्हणत वेणूबाईंनी डावा हात उजव्या हाताखाली दाबून धरला. तो हात आपला आपण थरथरत असायचा.

वेणूबाईंना कंपवात होऊन दोनेक वर्षं झाली होती. उल्हासनगरच्या डॉक्टर लालवानीबाईंनी यंदा हे ॲप दिलं होतं. हजारो रुग्णांचे आवाज ऐकून ऐकून ते शिकलं होतं म्हणे. रोजचा एक आ ऐकायचा आणि येत्या काही महिन्यांत आजार किती वेगाने पुढे सरकेल, तोल जाईल का, माणूस पडेल का, याचा अंदाज द्यायचा. हिरवं, पिवळं, लाल. डॉक्टरांना ते औषध ठरवायला हवं होतं. घरात मात्र त्यावर वेगळंच काहीतरी ठरायचं होतं. आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपनीच्या लॅबमध्ये प्राचीला सोमवारी हजर व्हायचं होतं. वाढवून घेतलेली बाळंतपणाची रजाही संपली होती. अनीश दिवसभर आजीजवळ राहणार, की प्राची राजीनामा देणार?

"हिरवं आहे ना? मग तू उगाच डोक्याला शॉट लावून घेतेस," कमलेश संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाला.

"मीनाला दिवसभर ठेवलं तर?" प्राचीने विचारून पाहिलं. मीना बारवीकडच्या पाड्यावरून यायची, बिल्डिंगमधल्या चार घरांची धुणीभांडी करायची.

"आये असताना बाई कशाला? काय गं आये?"

"तुजे पोराचे हलदीला मीच धवला बोलनार हाय," वेणूबाई ठसक्यात म्हणाल्या, आणि कमलेश मोठ्याने हसला. गावातल्या जुन्या आगरी घरांतून अजूनही लग्न ठरलं की धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणारी धवलारीण म्हणून वेणूबाईंचंच नाव निघायचं. डीजे कितीही मोठा लावला तरी धवला त्यांच्या तोंडूनच हवा.

कमलेश आंघोळीला गेला. ते एक वाक्य बोलून वेणूबाई छातीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या, ते प्राचीने पाहिलं. मुलगा घरात असला की त्या कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते खणखणीत. तो सकाळी निघून गेला की दिवसभर खुणा. पाण्यासाठी अंगठा, गोळीसाठी तळहात. प्राचीला वाटायचं, वय झालं, कंटाळत असतील.

शुक्रवारी दुपारी ती बाहेरच्या खोलीत खाली बसून सोमवारचा ड्रेस इस्त्री करत होती. कुकरची शिट्टी होईना म्हणून उठली. इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं आणि स्वयंपाकघरात गेली. अनीश आजीच्या पुढ्यात चटईवर होता. गॅस मोठा करून ती भाजी चिरायला लागली. कुकर आता सुसू करत होता. कशामुळे कोण जाणे, तिचा विळीवरचा हात थांबला. कुठलाही आवाज झाला नव्हता. तशीच ती बाहेर आली.

अनीश रांगत वायरपर्यंत गेला होता. वायर मुठीत होती आणि तो ती ओढत होता. इस्त्री डुगडुगत होती. वेणूबाई गुडघ्यांवर आल्या होत्या, एक हात पुढे, आणि तिथेच खिळल्यासारख्या अडकल्या होत्या. त्यांचं तोंड उघडं होतं, ओठ हलत होते. प्राची अगदी जवळ गेली तेव्हा कुठे तिला ऐकू आलं.

"प्राची... गो प्राची..."

तिने पोराला उचललं. काही झालं नव्हतं. इस्त्री पडली नव्हती. कुणाला काही सांगण्यासारखं घडलंच नव्हतं. तरी तिने इस्त्री पुन्हा लावली नाही. तिने ड्रेस तसाच अर्धा चुरगळलेला घडी करून कपाटात टाकला. लॅबमध्ये तिला पहिलं शिकवलेलं होतं की नमुना चुकीचा घेतला तर मशीन कितीही भारी असो, निकाल चुकीचाच. आठवडाभर सकाळी सकाळी तो आ ऐकताना हे तिला आठवलं नव्हतं, असं नाही.

तिने गॅलरीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

"एक बता, प्राची," सगळं ऐकून लालवानीबाई म्हणाल्या, "त्या आ म्हणतात की गातात?"

प्राचीने वळून आत बसलेल्या वेणूबाईंकडे पाहिलं.

"अगं, मशीनने साधे आवाज ऐकलेत. गाणारी पेशंट त्याला कुठून माहीत? मला साधा आ पाठव. गोळी वाढवायची का ते बघते. आणि लाल आलं तरी घाबरू नको. अशा शंभर जणांपैकी कितींचं काय होतं एवढंच ते सांगतं. तुझ्या सासूला ते ओळखत नाही, समझी?"

शनिवारी सकाळी कमलेश कामावर गेल्यावर प्राचीने अनीशला झोळीत निजवलं आणि फोन घेऊन सासूबाईंच्या समोर बसली. वेणूबाईंनी सवयीने मान तिरकी केली.

"आई, आज गायचं नाही."

"गाते कुठं? आ तं बोलते."

"काल मला हाक मारलीत ना, तसं म्हणा."

वेणूबाईंनी डोळे उघडले. सुनेकडे बघितलं नाही, झोळीकडे बघितलं.

"ती हाक तुना आयकू आलती?"

"नाही," प्राची म्हणाली. "नाही आली."

तिने झोळीला एक झोका दिला. दोरी कुरकुरली.

"गातना येतो," वेणूबाई पुटपुटल्या. ऐकायला प्राचीला पुढे वाकावं लागलं. "बोलतना नाय येत. गल्याला धवला ठावं हाय, त्यो आपला आपला निंगतो. बाकी सगला गेला."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? यो लाल बोलला असता तं तू घरी बसली असतीस." त्या थांबल्या, दम घेतला. "कमलेश झाला तवा माजे सासूनी मना धवल्याला जाऊ दिला नव्हता. पोर कोन बघल, बोलली. चार लग्नसराया मी भिंतीआड बसून दुसरीचा धवला आयकला. ती दुसरी बेसूर व्हती."

प्राचीला हसू आलं आणि तेवढ्यात डोळेही भरून आले. तिने फोन दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा पहिल्या हातात घेतला.

"तुमच्यामुळे मी घरी बसले, असं मी कधी म्हटलं असतं का?"

"नसतीस बोलली. म्हनून तं."

प्राचीने बटण दाबलं. वेणूबाईंनी मान सरळ ठेवली. आ निघाला. पातळ, चिरकलेला, दोन ठिकाणी तुटलेला. दम संपायच्या आधीच तो विरून गेला. वर्तुळ फिरलं. त्याचा रंग दोघींनी पाहिला. प्राचीने तो आ डॉक्टरांना पाठवून दिला.

इतक्यात कमलेशचा फोन आला. अनीश चाळवला होता, झोळीला झोका द्यायला हात मोकळा हवा म्हणून तिने स्पीकर लावून फोन जमिनीवर ठेवला.

"झालं आजचं? हिरवं ना?"

"लाल."

"लाल? असं कसं? काल तर..." मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "मग सोमवारचं काय? कॅन्सल करतेस?"

प्राचीने तोंड उघडलं. पण वेणूबाई फोनवर वाकल्या होत्या. मघाशी आ म्हणताना होता तेवढाच आवाज त्यांनी लावला.

"ती जानार हाय कामाव. मीनाला दिवसभर ठेव. ती उचलल पोऱ्याला. मी बसून सांभालीन."

पलीकडे त्याने फोन कानाशी आणखी दाबला असावा, हॉर्न बारीक झाले.

"प्राची," कमलेश म्हणाला, "घरी कोण आलंय? आता बोललं ते कोण?"

वेणूबाईंनी छाती भरून श्वास घेतला. मान तिरकी होऊ लागली. मग त्यांनी प्राचीकडे पाहिलं, आणि तो श्वास तसाच सोडून दिला.