बैलाला लागला गुलाबी साबण

सुलूच्या बाबांनी परसात साबणाचा कारखाना काढला, तेव्हा सुलू माझ्या पोटात होती. आता ती रांगायला लागली, पण साबण काही जागचा हलेना.

मामंजींनी बजावलं, "उपेंद्र, बेंदराच्या सणापर्यंत खपला तर ठीक. नाहीतर तू पुण्याला कारकुनीला जायचंस. सूनबाई नि पोर इथंच राहतील."

हे इरेला पेटले. साबणात गुलाबाचं अत्तर घातलं, रंग गुलाबी केला, वेष्टणावर डोळे मिटून हसणारी सुंदरी छापून आणली. वासाला भुलून सुलूनं एक वडी चाटली आणि दुपारभर तोंडातून फुगे काढले. दुसरं गिऱ्हाईक नाही. समोरच्या वकिलीणबाई तर नाक मुरडून म्हणाल्या, "आम्ही बाई विलायतीच वापरतो."

बेंदूर, बैलांचा सण, चार दिवसांवर आला. भोंगवली गावचे सोनबा आले आणि सुंदरीकडे बघून लाजत लाजत कारभारणीसाठी एक वडी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ती कारभारीण, फुलाबाई, दारात हजर!

"वैनी, असला वास मारत म्या शेतात जाऊ व्हय? म्या आपला आमच्या सर्जा बैलाला लावला. आता सारी आळी त्येचा वास घ्यायला येतीया. बेंदराला समद्या गावाची बैलं घासायचीत. पर वडी लई बारकी, एका वशिंडातच संपली. इटंएवढी करा की."

"अहो, हा सौंदर्यसाबण आहे!" हे कळवळले.

"मग आमचा सर्जा काय कुरूप हाय?"

मी सुलूला यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारून विटा पाडायचा साचा मागून आणला.

बेंदराला भोंगवलीची बैलं घमघमत मिरवली. बघायला आलेले शेजारच्या गावचे कामथडीकर तिथंच हटून बसले, "त्यांचा गुलाब, तर आमचा मोगरा!" वेष्टणावरची सुंदरी गेली, डोळे मिटून हसणारा सर्जा आला. मामंजी पाहुण्यांना सांगू लागले, "आमचा कारखाना."

मग एक दिवस वकिलीणबाईंची मोलकरीण ठकुबाई पदराखाली टोपली घेऊन आली.

"एक वीट द्या. बाईंनी बैलासाठी मागवलीया."

"अगं, त्यांच्याकडं साधी शेळीसुद्धा नाही!"

"म्या बी त्येच म्हनलं. तर म्हनाल्या, गुलाबाचीच आन. आमच्या बैलाला मोगरा सोसत न्हाई."

हे सुलूला घेऊन हसता हसता खाली बसले. त्यांच्या मांडीवरून सुलूनं एक टप्पोरा फुगा सोडला. मोगऱ्याचा होता.