हाताला कळणारा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी नंबरप्लेट आहे, आणि मला गाडी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक व्हरांड्यात, शेवटून दुसऱ्या दाराशेजारी, तुमच्या खांद्याच्या उंचीवर मी भिंतीला बसवलेली आहे. तुम्ही शाळेतून येता, धडाधड जिना चढता आणि माझ्यासमोरून पळत सुटता. कधी तुमच्यातलं कुणी थांबतं आणि म्हणतं, "दाराशी कुणी नंबरप्लेट लावतं का रे? येडेपणा नुसता!" मग सगळे खिदळता आणि आपापल्या घरी जाता. माझा तुमच्यावर राग नाही. पण हे दार बंद झाल्याला तीन महिने झाले, बोलायला कुणी नाही आणि येत्या सोमवारी रंगारी येणार आहे. त्याआधी माझी गोष्ट एकदा सांगून टाकते.

बहुतेक नंबरप्लेटांना नंबर आपसूक मिळतो. पुढच्या गाडीला पुढचा आकडा, संपलं. माझं तसं नव्हतं. मला अर्ज करून मागून घेतलं होतं. अर्ज करणारा माणूस होता एक बुकबाइंडर आणि त्याच्यासोबत वाहन कार्यालयाच्या खिडकीशी उभी होती त्याची बायको. ती मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. सगळे तिला बाई म्हणत, मीही तसंच म्हणते. चाळिशीच्या आसपास बाईंची नजर हळूहळू जात जात पूर्ण गेली. नोकरी मात्र गेली नाही, कारण टेलिफोन बोर्डावरची बटणं त्यांच्या बोटांना पाठ होती आणि अख्ख्या हॉस्पिटलातला माणूस न् माणूस त्या आवाजावरून ओळखत.

अडत होतं ते एकाच ठिकाणी. संध्याकाळी बाइंडर त्यांना न्यायला येई. हॉस्पिटलच्या भिंतीकडे तोंड करून पन्नासेक गाड्या उभ्या असत आणि जागा मिळेल तिथे त्याला गाडी लावावी लागे. एक दिवस बाई काठी टेकत आल्या, दार उघडून ऐटीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, इस्त्रीचे कपडे आणलेत, की आजही विसरलात?" शेजारी बसले होते हॉस्पिटलचे सर्वांत कडक सर्जन. बिचारे इतके गोंधळले, की म्हणाले, "विसरलो."

ही गोष्ट सांगताना बाई दोन दिवस हसत होत्या. तिसऱ्या दिवशी रडल्या.

"मी उभा राहतो ना दारात," बाइंडर म्हणाला. "हात धरून आणतो."

"नाही. सगळ्या हॉस्पिटलसमोर मला कुणी हात धरून न्यायचं नाही. मी माझी चालत येईन आणि माझ्या गाडीत बसेन. तेवढं तरी माझं मला राहू द्या."

त्या माणसानं ते मनावर घेतलं. बाइंडरच तो, पुठ्ठ्याला काय तोटा! त्यानं जाड पुठ्ठ्यातून शून्यापासून नऊपर्यंत दहा इंग्रजी आकडे कापले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. बाईंनी एकेकावरून बोट फिरवलं. शून्य, तीन, सहा, आठ, नऊ ही गोलमटोल मंडळी बोटाखाली सगळी एकसारखीच लागत. दोन आणि पाच यांचा भरवसा नाही. उरले एक, चार आणि सात. सरळ रेघांचे, सज्जन आकडे. त्यांतून बाईंनी नंबर जुळवला, सात-एक-एक-चार, आणि त्यासाठी दोघं वाहन कार्यालयात आली.

खिडकीआड एक चष्मेवाले कारकून होते. आवडीच्या नंबरासाठी येणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

"जन्मतारीख का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"लग्नाची तारीख?"

"छे हो."

"मग लकी नंबर असणार. पण सात, एक, एक, चार? हा तर माझ्याकडे अजून कुणी मागितलेला नाही."

"मग बरंच झालं की," बाई म्हणाल्या. "भांडण नको."

फॉर्मवर 'हाच क्रमांक का हवा' असा एक रकाना असतो. बाइंडरनं त्यात सुबक अक्षरात लिहिलं, 'हाताला कळावा म्हणून.' कारकुनांनी ते वाचलं, बाईंच्या हातातल्या काठीकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मग नियमाप्रमाणे नंबर पंधरा दिवस फळ्यावर लावला. दुसऱ्या कुणी मागितला असता, तर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या. बाईंचा जीव पंधरा दिवस टांगणीला लागला होता. पण कुणी फिरकलंच नाही. या जगात मी फक्त एका माणसाला हवी होते आणि मला ते पुरेसं वाटलं.

आम्ही नंबरप्लेटा नेहमी जोडीनं जन्मतो, एक पुढची आणि एक मागची. पत्र्याच्या दोन पट्ट्या यंत्राखाली गेल्या, कडकन दाब बसला आणि आमचे आकडे वर उठून आले. त्यांवरून काळ्या रंगाचा रूळ फिरला. मग माझ्या बहिणीला आणि मला समोरासमोर ठेवून एकाच कागदात गुंडाळलं. तिचा सात माझ्या चाराला टेकला होता. ते तीन दिवस आम्ही काय काय बोललो! चौथ्या दिवशी ती गाडीच्या पुढे गेली आणि मी मागे. तिनं सगळं येताना पाहिलं आणि मी सगळं जाताना. रस्ते, झाडं, फाटकात हात हलवणारी माणसं, सगळी माझ्यासमोर लहान लहान होत गेली. एकाच गाडीवर राहून आम्ही बहिणी एकमेकींना कधी दिसलो नाही. मागच्या पाटीचं आयुष्य असं एकटं असतं.

पण खरी फजिती पहिल्याच दिवशी झाली. बाइंडरला कव्हर घालायची भारी हौस. हाडीमाशी खिळलेली सवय ती! वह्यांना कव्हर, रिमोटला कव्हर, घरातल्या खुर्च्यांचं मूळ कापड त्याच्या सख्ख्या भावानंही पाहिलेलं नव्हतं. एवढ्या खटपटीनं मिळवलेला नंबर तो उघडा कसा ठेवील? खरचटेल, धूळ बसेल, रंग उडेल! त्यानं आम्हा दोघींवर कडक, पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण बेतून बसवलं. चहूबाजूंनी दाबून पाहिलं आणि खूश झाला. तोही खूश आणि नंबर मिळाला म्हणून बाईही खूश. झाकणाचा परिणाम काय होईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही आणि बाईंना झाकणाची खबरच नव्हती.

संध्याकाळी त्यानं हॉस्पिटलशी गाडी लावली आणि आत बसून आरशातून मागे बघत राहिला. बाई आल्या. काठी काखेत धरून एकेका गाडीच्या पाठीवर हात फिरवत पुढे सरकू लागल्या. माझ्यापाशी आल्या. त्यांची बोटं माझ्यावरून फिरली आणि त्यांना लागलं नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक. सात नाही, एक नाही, काही नाही. मी एका बोटाच्या अंतरावर होते, मित्रांनो, आणि मला हाक मारता येत नव्हती. बाई पुढच्या गाडीकडे गेल्या, मग तिच्या पुढच्या. रांग संपली तेव्हा त्या तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी काठी घट्ट धरून. शेवटी बाइंडर धावत गेला आणि सगळ्या हॉस्पिटलसमोर त्यांचा हात धरून त्यांना घेऊन आला.

गाडीत बसल्यावर बाइंडरनं गाडी सुरू केली.

"नंबर लावलाय ना?" बाईंनी विचारलं.

"लावलाय म्हणजे काय! चांगला कव्हर घालून लावलाय."

मी मागच्या बाजूला असले तरी मला आतलं सगळं ऐकू येतं. मग बाई हसू लागल्या, इतक्या की गाडी बाजूला घ्यावी लागली.

"अहो, ते पुस्तक नाहीये!"

बाइंडर हसला नाही. तिथेच रस्त्याच्या कडेला उतरून त्यानं स्क्रू काढले, झाकण काढलं आणि बाईंना उतरवून त्यांचा हात माझ्यावर ठेवला. बाईंनी डावीकडून सुरुवात केली. सात. एक. एक. चार. चारावर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हं, ही आपली." पुढच्या पाटीला हात लावायची गरजच नव्हती, म्हणून माझ्या बहिणीवरचं झाकण तसंच राहिलं.

त्यानंतरची बारा वर्षं माझी होती. रोज संध्याकाळी बाई यायच्या, बोट फिरवायच्या, चारावर दोन टिचक्या मारायच्या आणि ऐटीत गाडीत जाऊन बसायच्या. बाइंडर आरशातून सगळं बघायचा आणि बघतच नाही असं दाखवायचा. उन्हाळ्यात माझा पत्रा तापून तवा व्हायचा. तेव्हा बाई यायच्या पाच मिनिटं आधी तो ओलं फडकं माझ्यावर ठेवून जायचा. बाईंना हे कधी कळलं नाही. त्यांना वाटायचं, गाडी सावलीत लावली असेल. हळूहळू माझ्या आकड्यांच्या कडा त्यांच्या बोटांनी मऊ झाल्या आणि वरचा काळा रंग उडाला. दिवसाकाठी एवढाच काय तो स्पर्श, बाकी सगळा वेळ दूर जाणारा रस्ता. पण त्या स्पर्शाच्या आशेवर दिवस निघायचा.

मग एका सकाळी बाइंडर दुकानात गेला आणि कामावर बसल्या बसल्याच गेला. गाडी इमारतीखाली उभी राहिली. बाई रोज खाली यायच्या, हात फिरवायच्या, चारावर टिचक्या मारायच्या आणि गाडीत न बसता परत जायच्या. असं वर्षभर चाललं. टायर बसले, काचांवर धूळ साचली.

"मावशी, गाडी सडतेय गं," बाईंची भाची म्हणाली. "आणि तूही इथं एकटी किती दिवस राहणार? आमच्या इमारतीत एक खोली रिकामी आहे. चल ना तिकडे."

गाडी विकली गेली. आवडीचा नंबर गाडीसोबत जात नाही, तो कार्यालयात परत करायचा असतो आणि दोन्ही पाट्या यंत्रात घालून कापतात. भाचीनं आम्हा दोघींना काढलं, बहिणीवरचं झाकण उतरवलं आणि एका पिशवीत घातलं. इतक्या वर्षांनी बहिणीची भेट झाली, ती अशी. मी तिला विचारलं, "काय काय पाहिलंस?" ती म्हणाली, "खूप. तुला कुणी हात लावायचं ना? मला आवाज यायचा टिचक्यांचा."

खिडकीआड तेच कारकून होते, आता केस पांढरे झालेले.

"हा नंबर मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "हाताला कळावा म्हणून. ते कुठे आहेत?"

"गेले," बाई म्हणाल्या. "साहेब, मला नंबर नको. गाडीच नाही, तर नंबर घेऊन करू काय? पण पाटी कापू नका. माझी एवढी एकच गोष्ट आहे, जी त्यांनी कव्हर काढून दिली होती."

कारकुनांनी चष्मा पुसला. नियमांचं पुस्तक काढून ते एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"पुस्तकात लिहिलंय, पाटी गाडीला लावता येणार नाही अशी करावी. मोठं भोक पाडलं तरी ते होतं. पण एक तरी कापून फायलीला लावावीच लागेल, बाई. दुसरी घेऊन जा. कुठली देऊ?"

बाईंनी आम्हा दोघींवर हात ठेवले. बहिणीचे आकडे अगदी कोरे होते, धारदार, झाकणाखाली जपलेले. कुणीही तिलाच घेतलं असतं. पण बाईंचं बोट माझ्या मऊ झालेल्या चारावर क्षणभर थांबलं. "ही," त्या म्हणाल्या.

बहीण आत गेली. यंत्राचा आवाज मी ऐकला. तिला आयुष्यात एकदाही कुणी बोटानं वाचलं नव्हतं. ते मला अजून खुपतं. मग माझ्या कोपऱ्यात भोक पाडलं. ते तुम्हाला दिसतं, तेच.

आता कळलं, मी इथे का आहे ते? या व्हरांड्यात चौदा दारं आहेत, सगळी एका मापाची, एका रंगाची. बाई भिंतीवरून हात फिरवत यायच्या, सात-एक-एक-चार, दोन टिचक्या, आणि कुलूप उघडायच्या. सहा वर्षं त्यांना इथे कुणी हात धरून आणावं लागलं नाही. शेवटच्या आजारात मात्र त्यांना स्ट्रेचरवरून नेलं. नेणारे घाईत होते. माझ्याजवळून जाताना बाईंनी हात बाहेर काढला, पण पोचला नाही.

भाची चांगली आहे. काल ती इथे उभी राहून रडली आणि रंगाऱ्याला फोनवर म्हणाली, "ती पाटी नीट काढा हं. मावशीची आठवण आहे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी कपाटात वरच्या खणात ठेवणार आहे."

मित्रांनो, तुमच्या घरातही अशा जपून ठेवलेल्या वस्तू असतील. त्यांना जपा, पण झाकून टाकू नका. त्यांना हात लागू द्या. वापरून झिजायला आम्ही घाबरत नाही. आम्हाला भीती वाटते, ती कुणाचा हातच न लागण्याची. आणि घरात कुणाला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, तर त्यांचा हात धरून ओढायच्या आधी त्यांना काय हवंय ते विचारा.

सोमवारला अजून तीन दिवस आहेत. उद्या धावत याल, तेव्हा माझ्यापाशी जरा थांबा. दप्तर खाली ठेवा, डोळे मिटा आणि डावीकडून सुरुवात करा. चारावर दोन टिचक्या मारायला मात्र विसरू नका.