या वर्षी भारतात

मी 'चिठ्ठी' बोलतेय. कागदाची नव्हे. मी एक वेब ॲप आहे, अगदी साधं: एक यादी, एक बटण आणि थोडे नियम. ऑकलंडमधल्या एकवीस मराठी माणसांपलीकडे मला कुणी ओळखत नाही, आणि आता त्यांनाही माझं नाव नकोसं झालंय.

ही मंडळी एकेकाळी इथे शिकायला आली आणि इथलीच झाली. दर डिसेंबरला, भर उन्हाळ्यात, ती समुद्रकाठी बार्बेक्यूला जमतात आणि एकमेकांना गुपचूप भेटवस्तू देतात. कुणी कुणाला द्यायची हे पूर्वी स्टीलच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवर ठरायचं. कुणाला स्वतःचंच नाव निघायचं, कुणाला बायकोचं, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी वैतागून अल्बनी उपनगरात राहणाऱ्या प्राचीनं एका शनिवार-रविवारी मला लिहून काढलं. लिहिताना ती गुणगुणायची. मला ते फार आवडायचं.

तिनं मला शिकवलं, स्वतःचं नाव स्वतःला द्यायचं नाही, नवरा-बायकोला एकमेकांचं द्यायचं नाही, आणि काही झालं तरी गुपित फोडायचं नाही. प्रत्येकाला एक पान दिलं. त्यावर 'तुम्हाला काय हवंय?' अशी जागा ठेवली. आणि एक छोटा चौकोन: 'या वर्षी भारतात'. कारण डिसेंबर आला की यातली निम्मी मंडळी पुण्या-मुंबईला पळतात. चौकोनात खूण झाली की ते नाव मी सोडतीतून वगळते आणि त्या माणसाच्या पानावर प्राचीनं हौसेनं लिहिलेली ओळ दाखवते: 'तुम्ही या वर्षी भारतात आहात. मजा करा! इथली काळजी करू नका.'

प्रमोद शहराच्या दक्षिण टोकाला, पापाकुराला एकटा राहायचा. सेहेचाळीस वर्षांचा, कमी बोलणारा, शहरातल्या एका आयटी कंपनीत कामाला. बाकीचे 'काय हवंय'मध्ये मेणबत्त्या, कॉफीचे मग असलं काहीबाही लिहितात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यानं लिहिलं, 'वस्तू नको. एखाद्या रविवारी घरी या. चहा मी चांगला करतो.'

एक डिसेंबरला मी सोडत काढली. प्रमोदचं नाव शंतनूला गेलं. शंतनू भला माणूस. त्यानं स्वतःच्या पानावर टिपण ठेवलं: 'रविवार १४, दुपारी. चिवडा घेऊन जाणे.' मला कधी नव्हे तो स्वतःचा अभिमान वाटला.

प्रमोदनं मात्र त्याला निघालेलं नाव पाहिलंच नाही. पाहणार कसा? माझा ईमेल त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर जायचा, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर त्याची नोकरी गेली होती. त्यानं कुणाला सांगितलं नाही. माझा ईमेल कुणीही न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडला.

बारा तारखेला प्राचीनं यादी पाहिली. वीस नावांपुढे 'पाहिलं'ची हिरवी खूण किंवा 'भारतात', एका नावापुढे काहीच नाही. तिनं फोन हातात घेतला होता, हे मी शपथेवर सांगते. पण मग ती स्वतःशीच म्हणाली, "इंडियाला गेला असेल. नेहमीसारखं सांगायला विसरला." आणि तिनं त्याच्या चौकोनात खूण केली. मी नियमाप्रमाणे त्याला वगळलं आणि सगळ्यांची सोडत पुन्हा काढली. शंतनूच्या वाट्याला स्नेहलचं नाव आलं.

शंतनूचा लगेच प्राचीला फोन आला. "अगं, मला निघालेलं नाव बदललं?"

"हो, प्रमोद इंडियाला गेलाय ना. हीप्स लोक गेलेत या वर्षी, अर्धे तरी."

"अच्छा? मी रविवारी जाणार होतो त्याच्याकडे. बरं झालं कळलं, उगाच हेलपाटा पडला असता. स्वीट ॲज, नो प्रॉब्लेम."

गुपित फोडायचं नाही, हे मला शिकवलं होतं. खोटं थांबवायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी, चौदा तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी प्रमोदनं माझं पान उघडलं. मागच्या वर्षीचा दुवा त्याच्या फोनमध्ये होता. पापाकुराच्या घरात बसून त्यानं वाचलं: 'तुम्ही या वर्षी भारतात आहात. मजा करा! इथली काळजी करू नका.' अकरा मिनिटं ते पान उघडं होतं. मग बंद झालं.

वीस तारखेला बार्बेक्यू झाला. कुणीतरी विचारलं, "प्रमोद कुठाय?" प्राचीनं फोनवर मला उघडलं आणि म्हणाली, "भारतात. हे बघ, ॲपवर आहे ना." ती खूण आपणच केली होती, हे ती आठ दिवसांत विसरली होती. माणसांचं असंच असतं, मी पाहिलंय.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरून वाहणारी पत्रपेटी पाहून शेजारच्या बाईंनी पोलिसांना बोलावलं. हृदयविकार. डॉक्टरांच्या अंदाजानं तो अठरा डिसेंबरच्या आसपास गेला. ओट्यावर दोन कप धुऊन उपडे ठेवलेले होते.

अंत्यसंस्काराला शंतनू सगळ्यांना एकच सांगत होता, "मी निघालोच होतो रे. चिवडा आणून ठेवला होता." प्राची एका बाजूला उभी होती. घरी आल्यावर तिनं माझी नोंद उघडली, त्यात तिला प्रमोदच्या पानाची ती अकरा मिनिटं दिसली. मग चहाची ओळ वाचली. त्या दिवसापासून ती गुणगुणताना मी ऐकलेली नाही.

तिनं मला अजून पुसलेलं नाही. प्रमोदचं नावही पुसलेलं नाही. फक्त त्याच्या चौकोनातली खूण तेवढी काढली. त्यामुळे माझ्या हिशेबी तो परत आलाय. मला नियमांपलीकडे काही कळत नाही. पुढच्या डिसेंबरला कुणी बटण दाबलं, तर मी प्रमोदचं नाव कुणाच्या तरी हाती देईन आणि त्याखाली दाखवीन: एखाद्या रविवारी घरी या, चहा मी चांगला करतो.

म्हणून विनवते, ते बटण दाबू नका. आणि तुमच्याही एखाद्या यादीत असंच एक नाव गप्प असेल, तर खूण करण्याआधी तेवढा फोन लावा.