चौथ्या गाण्यातल्या चार मात्रा

बाईंचा नवा अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला आणि बाईंना त्या लोकांची शिसारी आली. साठ वर्षं जॅझ गाणाऱ्या आणि पियानो वाजवणाऱ्या बाईला कौतुक नवं नसतं. पण या कौतुकाची जातच वेगळी होती. रोज सकाळी भाची चहाबरोबर मोबाइलवरची परीक्षणं मोठ्याने वाचायची आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत त्यांचं वय असायचं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही बोटं चालतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही दम पुरतो. लहान मूल आपल्या हाताने जेवलं की वाजवतात ना, तसल्या टाळ्या.

"मावशी, हे ऐक," भाची म्हणाली. "'चौथ्या गाण्यात त्या तालाच्या पुढे झेपावतात. हातात दिवस थोडे आहेत, हे त्या एका जागेत कळतं.' माझ्या तर अंगावर काटा आला."

बाईंनी कप खाली ठेवला. झेप कसली डोंबलाची, ती चूक होती. पियानोची फिरत संपली की चार मात्रा मोकळ्या सोडायच्या आणि मग अंतरा उचलायचा, असं ते गाणं त्यांनीच बांधलेलं. स्टुडिओत एसीचं वारं मानेवर येत होतं, लक्ष उडालं आणि चार मात्रा गिळून त्या सरळ अंतऱ्यात शिरल्या. साथीचे तिघे धडपडत मागून आले. बाई लगेच म्हणाल्या, पुन्हा घेऊ. निर्माता काचेपलीकडून म्हणाला, "आजी, हाच ठेवायचा. यात वय बोलतंय."

त्याने कोणत्या नात्याने आजी म्हणावं, देव जाणे. ताल ही बाईंची अब्रू होती. शेजारी बसलेला ड्रमवाला पिऊन लास झालेला असताना त्यांनी एकट्या डाव्या हातावर रात्री निभावून नेल्या होत्या. बाईंचा ताल चुकत नाही, एवढं एकच वाक्य आपल्यामागे उरावं अशी त्यांची इच्छा होती.

आणि तरीही, रेडिओवरच्या मुलाखतीत "तिथे मुद्दाम घाई केलीत ना?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हो. थांबवेना." कबूल करायची लाज वाटली, दुसरं काय. घरी येऊन तीनदा चूळ भरली, पण तोंडाची चव काही परत आली नाही. इतके दिवस लोकांची किळस येत होती, आता स्वतःचीही यायला लागली.

अल्बमच्या रविवारच्या जाहीर कार्यक्रमाच्या चार दिवस आधी नव्या तिघा साथीदारांबरोबर तालीम ठेवली होती. चौथं गाणं सुरू झालं. बाईंनी फिरत संपवली आणि त्या मनात मोजायला लागल्या, तर साथीचे तिघेही एव्हाना अंतऱ्यात जाऊन पोचलेले. सगळं गाणं गडगडलं. वाद्यं थांबली.

बास वाजवणारी मुलगी ते उंच वाद्य खांद्याला टेकवून अदबीने म्हणाली, "आजी, तुम्ही चुकलात."

"मी?"

तिने समोरचा कागद दाखवला. तिघांनी अल्बम ऐकून ऐकून बाईंची चूक जशीच्या तशी उतरवून घेतली होती. चार मात्रा गायब, आणि त्या जागी लाल पेनाने लिहिलं होतं, 'झेप'. बाईंना ओकारी यायची तेवढी बाकी राहिली.

"ही झेपबीप काही नाही," त्या म्हणाल्या. "मी चुकले होते. रेडिओवर खोटं बोलले."

तिघे एकमेकांकडे बघून हसले. निर्माता तर गहिवरला. "किती साध्या हो तुम्ही, आजी. पण हे बाहेर बोलू नका. लोक त्या जागेसाठीच येणार आहेत."

"लोक गेले खड्ड्यात. काट गं ते कागदावरचं."

मग त्यांनी ते गाणं अकरा वेळा घेतलं. पाच वेळा पोरं सवयीने आधीच घुसली, पुढच्या तीन वेळा बिचकत थांबली. नवव्यांदा पहिल्यांदा बरोबर जमलं आणि खात्री म्हणून बाईंनी आणखी दोनदा वाजवून घेतलं. निर्माता कपाळाला हात लावून बसला होता.

रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. चौथ्या गाण्यात फिरत संपली आणि बाईंनी पियानोवरचे हात उचलले. एक, दोन, तीन, चार. बास चालत राहिला, ड्रमवर नुसता तारांचा कुंचला फिरत होता. पाचवीला बाईंनी अंतरा नेमका उचलला. बासवाली त्यांच्याकडे बघून हसली, आणि कितीतरी आठवड्यांनी बाईंना स्वतःच्या हातांचा राग आला नाही.

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. घरी जाताना भाचीने गाडी मुख्य रस्त्याला घेतली. मग म्हणाली, "मावशी, मनाला लावून घेऊ नकोस हं."

"काय?"

"ते चौथ्या गाण्यात अडखळलीस ते. शब्द आठवेनात ना? माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. पण कुणी नाव नाही ठेवलं गं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, या वयात एवढं तरी कोण करतं."

"अगं, आजचं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "चूक अल्बममध्ये आहे."

"पण रेडिओवर तूच तर म्हणालीस, मुद्दाम केलं म्हणून."

"खोटं बोलले होते."

सिग्नल लागला होता. भाचीने गिअरवरचा हात काढून बाईंचा हात हळूच थोपटला.

"बरं," ती म्हणाली. "बरं बरं."