मी येत नाय तोवर

"वैनी, पोरीच्या कानाखाली एक वाजव, मंग बग कशी ऐकते," चिखलाचं ढेकूळ पुढे करत शेजारचा केरू म्हणाला.

"कानात काय खोट नाय तिच्या. पेणच्या डाक्टरनं तपासलंय." चंद्रावतीने ढेकूळ फुटलेल्या बांधाच्या खांडीत दाबलं. "ऐकू येतं. लांबलचक बोललं का आत गुंता व्हतो."

"डाक्टरला काय जातंय! नऊ वर्सांची घोडी. परवा म्हनलं, विळा आनू नको, घमेलं आन. तर विळाच घेऊन हजर!"

कासू गावाच्या खालच्या अंगाला खाडीच्या बांधाला खांड पडली होती. उधाणाआधी ती बुजली नाही, तर खारं पाणी भातात शिरणार होतं. म्हणून चंद्रावतीने लेकीला, मनस्वीला पाणी सोडायच्या दारापाशी, उघाडीवर बसवलं होतं आणि बजावलं होतं, "मी येत नाय तोवर हितंच बस."

खांड बुजली. चंद्रावती हात न धुताच उघाडीवर आली. भाकरीचा डबा होता. पोर नव्हती.

"मने! मने गो!"

भरती लागली होती. गढूळ पाणी चिपीच्या खारफुटी झुडपांत सळसळत चढत होतं.

"ती बग!" केरूने बोट दाखवलं.

घराकडे जाणाऱ्या पलीकडच्या झिजलेल्या बांधावर मनस्वी उभी होती. पुढे बांध पाण्याखाली गेलेला. तिला पोहता येत नव्हतं.

"पान्यात उतरू नको!" केरू ओरडला.

मनस्वीने वळून पाहिलं, मान डोलावली आणि पाय पाण्यात टाकला.

"अगो, फुडं जाऊ नको!"

ती पुढे गेली. पाणी गुडघ्याला लागलं.

"बगितलंस? मुद्दाम करते!"

चंद्रावतीला एकदम उमगलं. पोर हट्ट करत नव्हती. सांगितलेलं ऐकत होती. 'उतर' पोचत होतं, 'जा' पोचत होतं. मागचं 'नको' वाटेतच गळत होतं.

केरू पुन्हा ओरडणार, तोच तिने चिखलाच्या हाताने त्याचं तोंड दाबलं. आता तिला स्वतःच्या जिभेचीच भीती वाटली. एक शब्द चुकला तर...

"थांब!"

मनस्वी थांबली.

"आयकडं ये."

ती वळली. पाय रुतला, कलंडली, सावरली.

"ये. ये गो."

हाताच्या अंतरावर येताच चंद्रावतीने तिला ओढून छातीशी धरलं.

"का गेलीस गो?"

"तू म्हनलीस," मनस्वी तिच्याकडे पाहत म्हणाली. "मी येत नाय. मंग मी एकटीच घरी निघाले."

चंद्रावतीला एकेक आठवू लागलं. या पोरीला आजवर किती वेळा 'नको' म्हटलं होतं! विहिरीत वाकू नको. चुलीत हात घालू नको. स्टेशनापलीकडे जाताना रोजचंच, रुळावर थांबू नको.

तिने पोरीला पुन्हा घट्ट आवळलं, तशी मनस्वी रडायला लागली. केरू तोंडावरचा चिखल पुसत जवळ आला.

"घाबरू न..." तो मध्येच थांबला. शब्द शोधत राहिला.

मग हळूच म्हणाला, "चल, मने. घरी."