दादासाठी लिहिलेला शेल

मी एक जुना शेल आहे. मित्रांनो, शेल म्हणजे माणूस आणि संगणक यांच्यातला निरोप्या. तुम्ही आज्ञेची ओळ टाइप करता, मी ती संगणकाकडून पार पाडून घेतो. मला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. सगळा कारभार शब्दांवर.

माझी निर्माती संगणक दुरुस्त करायची. तिचा थोरला भाऊ छापखान्यात मुद्रितशोधक होता. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका काढायचा. आजारपणात त्याची दृष्टी गेली, काम सुटले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम घरात होता, पण चित्रांपुढे त्याची बोबडी वळायची.

"चिमणे, डोळे गेलेत माझे, डोकं नाही," दादा म्हणाला.

त्याच दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर मला लिहायला घेतले.

मी ओळ वाचायला शिकलो, तिचे शब्द सुटे करायला शिकलो. प्रत्येक कामाला मी एक लेक, म्हणजे माझीच तात्पुरती प्रत, धाडायचो आणि ते संपेपर्यंत थांबायचो. फोल्डर बदलायलाही लेकच धाडली. ती तिकडे गेली नि तिथेच संपली. आम्ही जिथल्या तिथे!

"अगं, हा हो म्हणतो आणि जागचा हलत नाही," दादा हसला. मग ते काम तिने माझ्याच अंगावर टाकले.

सगळ्यांत छळले नळीने. नळी म्हणजे एका प्रोग्रामचे उत्तर थेट दुसऱ्याच्या ओंजळीत. तिचे एक टोक बंद करायचे राहून जाई आणि पुढचा प्रोग्राम वाट बघत बसे. तीन रविवार गेले, पण माझ्या निर्मातीने हात टेकले नाहीत; चौथ्या रविवारी नळी वाहती झाली.

दादाने पुन्हा काम मागितले, तेव्हा अखेर छापखान्याच्या मालकीणबाईंनी तान्ह्या मुलांच्या औषधांच्या एका पुस्तकाची फाईल पाठवली. "दोघांनी तपासलंय. तुम्हीही बघा, जमतंय का."

दादाने 'चमचा' शब्दाच्या साऱ्या ओळी शोधल्या आणि नळीतून वाचणाऱ्या प्रोग्रामकडे सोडल्या. ऐकता ऐकता तो ताठ बसला.

"पाच चमचा? पाच असते तर 'चमचे' म्हटलं असतं. चिमणे, हे 'पाव' आहे!"

व आणि च. दोघांच्या डोळ्यांनी चुकवले ते त्याच्या कानांनी पकडले. मालकीणबाईंनी फोनवरच ती ओळ पडताळून पाहिली. मग म्हणाल्या, "सोमवारपासून या."

आता माझ्याहून हुशार शेल आले आहेत. दादाही तेच वापरतो. मी एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये पडून असतो. तक्रार नाही. फक्त मित्रांनो, जुने काही पुसून टाकण्याआधी त्यातल्या चार ओळी वाचून बघा. कुणीतरी त्या कुणासाठी तरी लिहिलेल्या असतात.